दाढेचा ठणका आणि गोळीचे श्रेय

रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास, शटर ओढून घेण्याची वेळ जवळ आलेली असताना, कोणत्याही गावातल्या औषधांच्या दुकानापुढे एका हाताने गाल धरून उभा राहिलेला मनुष्य दिसला, तर त्याला काय झाले आहे हे विचारावे लागत नाही. आणि तो काय मागणार, हेही दुकानदाराला त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. "दाढ ठणकतेय, काहीतरी द्या," एवढ्या तोंडी अर्जावर कात्रीने अमॉक्सिसिलिनच्या पट्टीतून चार-सहा कॅप्सूल कापल्या जातात, त्यांच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या येतात, कागदी पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या रेघा ओढल्या जातात आणि मामला दोन मिनिटांत निकालात निघतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, हे बजावणारी पट्टीवरची तांबडी उभी रेघ आणि औषधाची मुदत सांगणारा मजकूर कात्रीच्या पलीकडेच राहून जातात, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडलेल्या तुकड्यावर पुष्कळदा दोहोंपैकी एकही नसते. 1940 च्या औषधविषयक कायद्याखाली झालेल्या नियमांत अमॉक्सिसिलिनसारखी औषधे 'एच' अनुसूचीत घातलेली आहेत, म्हणजे अधिकृत चिठ्ठी रुजू केल्यावाचून ती विकता येत नाहीत. पण या हुकमाचा अंमल गल्लीतल्या दुकानात कितपत होतो, हे वाचकांस मी सांगावे असे नाही.

या गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्याच्यापाशी पुरावा असतो. मागल्या खेपेस त्याची, नाहीतर त्याच्या भावजयीची दाढ अशीच ठणकत होती; अशाच तांबड्या-पिवळ्या कॅप्सूल घेतल्या; तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका थांबला, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याचा प्रसंग टळला. हा अनुभव खोटा नाही. ठणका खरोखरच थांबला होता. प्रश्न एवढाच की, तो थांबविल्याचे श्रेय ज्या गोळीच्या नावावर मांडले गेले, तिचा त्यात काही हात होता काय; आणि या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर दाताच्या आत काय घडते ते अंमळ सावकाशीने पाहिले पाहिजे.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याखाली त्याहून किंचित मऊ असे दंतिन असते. आणि त्याच्याही आत, दाताच्या पोकळीत व मुळांतून उतरणाऱ्या नलिकांत, दंतमज्जा नावाचा अत्यंत मृदू गाभा असतो, ज्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचे जाळे पसरलेले असते. या गाभ्याचा बाहेरच्या शरीराशी होणारा बहुतेक सारा व्यवहार मुळाच्या टोकाशी असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, अशा छिद्रातून चालतो. दातांवर चिकटून राहिलेल्या थरातील जंतू साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लात दंतवल्क विरघळत जाते, खड्डा दंतिनात उतरतो, आणि जंतू व त्यांची विषे मज्जेच्या जवळ येऊन ठेपली की तिच्यात दाह सुरू होतो. दाह झाला की तेथे रक्त अधिक येते आणि तो भाग सुजतो, हा शरीराचा सार्वत्रिक नियम. बोटाला काटा रुतला की बोट फुगते, आणि फुगण्यास जागा असल्यामुळे त्या दाहाचा ताण पुष्कळसा बाहेरच्या बाहेर विरतो. दंतमज्जेला ही सोय नाही. तिच्या चहूबाजूंस दंतिनाच्या अचल भिंती आहेत. सूज आली तरी पसरायला तिळमात्र जागा नाही. दाब वाढत जातो, मज्जातंतू चेपले जातात, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक जी कळ मस्तकापर्यंत जाते, तिला आपण ठणका म्हणतो. रात्री आडवे झाले की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. दिवसभर ज्या दाढेने निभावून नेले तिने रात्री एकाएकी बंड करावे, याचे कारण इतके साधे आहे.

या अवस्थेतील दोन लक्षणे मोठी चमत्कारिक आहेत. एक असे की, कोणता दात दुखतो हे रोग्याला नक्की सांगता येत नाही. तो खालच्या दाढेवर बोट ठेवतो आणि दोष वरच्या दाढेत निघतो, किंवा दाताची तक्रार सोडून कान दुखतो म्हणून तो कानाच्या डॉक्टरांकडे जातो. दंतमज्जेतील मज्जातंतू दुःख कळवतात, पण ठिकाण कळवीत नाहीत. ठिकाणाचे ज्ञान दाताच्या मुळाभोवतीच्या बंधनीतील तंतूंना असते, आणि दाह तेथपर्यंत पोहोचल्यावर मात्र रोगी अचूक त्याच दाढेवर बोट ठेवतो. दुसरे लक्षण प्रत्येक जुन्या दंतवैद्याच्या परिचयाचे आहे: गरम चहाच्या घोटाने कळ असह्य होते, पण गार पाण्याने घटकाभर बरे वाटते, म्हणून रोगी थंडगार पाण्याची बाटली हातात घेऊनच दवाखान्यात येतो, दर दोन मिनिटांनी एक गुळणी तोंडात धरतो, आणि ती कोमट झाली की पुन्हा कण्हू लागतो. अशी बाटली दिसली की मज्जा मरणपंथाला लागली आहे, असा अंदाज दंतवैद्य तपासणीपूर्वीच बांधतो.

यापुढे जे होते तेच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. आतला दाब वाढता वाढता मज्जेतील रक्ताभिसरणच बंद पडते, आणि मज्जा मरते. मेलेल्या मज्जेतील तंतूंना दुःख कळवता येत नाही. म्हणून तीन-चार दिवस घर डोक्यावर घेणारा ठणका एके सकाळी आपोआप नाहीसा होतो. औषध घेतले असो वा नसो, हे व्हायचेच असते. पण औषध घेतलेले असते. आणि काकतालीय न्यायाने, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडल्यामुळे, मृत्यूने आणलेल्या शांततेला आरोग्य समजून तिचे श्रेय कॅप्सुलीला बहाल केले जाते. शिवाय पाकिटात दुसरी एक गोळी होती, वेदनाशामक, जिने खरोखर थोडेफार काम केलेले असते. तिची मात्र कोणी आठवणही ठेवत नाही.

अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक येथे निष्प्रभ का ठरते, याची कारणे दोन. पहिले असे की, मज्जेतील ठणका हा मुख्यतः दाहाचा आणि दाबाचा परिणाम असून प्रतिजैविक दाह शमवीत नाही की दाब उतरवीत नाही. ते जंतूंना मारते, इतकेच. दुसरे असे की, पोटात घेतलेले औषध जंतूंपर्यंत जाते ते रक्तातूनच, आणि ज्या वाड्याचा एकुलता एक दरवाजा आतून पडलेल्या भिंतीने बंद झाला आहे, त्या वाड्यातील माणसाला टपालवाल्याने कितीही पत्रे आणली तरी ती पोहोचणार नाहीत. खड्ड्यात किडीचा जो साठा असतो तेथे तर रक्तवाहिनी मुळातच नाही.

हा नुसता तर्क नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात मज्जादाहाने त्रस्त झालेल्या 40 रोग्यांवर एक प्रयोग करण्यात आला आणि त्याचा वृत्तांत 2000 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांस सात दिवस दर सहा तासांनी 500 मिलिग्रॅम पेनिसिलिन, म्हणजे अमॉक्सिसिलिनच्याच कुळातले औषध, आणि निम्म्यांस तशीच दिसणारी पण औषधविरहित गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे ना रोग्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. वेदनाशामके दोन्ही गटांना मुभेने दिली होती, आणि कोणी किती घेतली याची नोंद ठेवली होती. सात दिवसांअखेर दोन्ही गटांच्या वेदनेत, दातावर टिचकी मारली असता होणाऱ्या दुःखात, किंवा घेतलेल्या वेदनाशामकांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. चाळीस ही संख्या लहान आहे, हे कबूल केले पाहिजे. पण पुराव्यांची कसोशीने छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने हा विषय पुनःपुन्हा हाती घेऊनही पेनिसिलिनच्या बाजूने बोलणारा पुरावा तिला मिळाला नाही. 2019 साली अमेरिकन दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढ माणसास मज्जादाहासाठी प्रतिजैविक देऊ नये, दंतवैद्य ताबडतोब उपलब्ध नसला तरीही देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

श्रेय भलत्याच्या पदरात पडण्याची ही परंपरा मात्र प्रतिजैविकांहून फार जुनी आहे. सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतक नावाचा रोग सांगितला आहे, ज्यात दात काळा पडतो, त्याला छिद्र पडते, तो हलतो आणि ठणकतो. दातात प्रत्यक्ष कृमी राहतो ही समजूत प्राचीन बाबिलोनपासून युरोपापर्यंत सर्वत्र होती. आपल्याकडे खेड्यापाड्यांत भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीने किंवा करवंटीच्या साहाय्याने दाढेला देण्याचा उपचार कालपरवापर्यंत चालत असे, आणि धूर घेतल्यावर 'किडे पडले' असे शपथेवर सांगणारी वडीलधारी माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. युरोपात याच कामी खुरासानी ओव्याच्या बिया वापरीत. उष्णतेने बी फुटले की आतला वाकडा पांढुरका अंकुर बाहेर पडतो, आणि तोच कृमी म्हणून रोग्याला दाखविला जाई. 1728 साली आपला प्रख्यात दंतवैद्यकीय ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या प्येर फोशार या फ्रेंच वैद्याने, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला असा कृमी आढळला नाही, असे नमूद केले. आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1890 च्या आपल्या ग्रंथात, तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हा सिद्धांत मांडून त्या बिचाऱ्या कृमीला कायमची रजा दिली. धुराने दाढ बरी झाल्याच्या हकिगती मात्र खऱ्याच असाव्यात. तिसऱ्या दिवशी मज्जा मरतच होती. आजची कॅप्सूल रिंगणीच्या धुराच्या गादीवर बसली आहे, इतकेच.

आणि ही गादी काही तिच्या योग्यतेची नव्हे. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने ज्या बुरशीचा गुण ओळखला, तिच्यापासून औषध काढताना 1941 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांपाशी पेनिसिलिन इतके थोडे होते की, पहिल्या रोग्याच्या मूत्रातून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच टोचण्यात आले. तरीही ते पुरले नाही, आणि सुधारू लागलेला तो पोलीस शिपाई अखेर दगावला. ते दुर्लभ औषध आपल्या देशात सामान्य माणसाच्या आवाक्यात आले त्यात पुण्याजवळच्या पिंपरीचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे उभारलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला, आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषध मुबलक व्हावे ही तेव्हाची निकड होती आणि ती रास्तच होती. मुबलकपणाचेच ओझे होईल अशी चिंता करण्याची चैन तेव्हा कोणाला परवडणार? अपवाद खुद्द फ्लेमिंगचा. 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात, हे औषध दुकानातून कोणीही विकत घेऊ शकेल असा काळ येईल, आणि अपुऱ्या मात्रेत ते घेणारा अज्ञ मनुष्य आपल्या अंगातील जंतूंना त्या औषधाशी टक्कर देण्याचे शिक्षण देईल, असा इशारा त्याने दिला होता.

मुखरोगांत प्रतिजैविकांनी न्यायाने मिळविलेले यशही आहे, आणि त्यातील एक प्रकरण तर गमतीचे आहे. मेट्रोनिडॅझोल हे औषध मुळात योनिमार्गात होणाऱ्या एका परोपजीवी जंतूच्या उपद्रवावर निघाले. त्या विकारासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा दुर्गंधीयुक्त, व्रणकारी विकारही त्याच आठवड्यात नाहीसा झाला, हे शिन नावाच्या दंतवैद्याच्या ध्यानात आले. त्याने 1962 साली ही गोष्ट लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली, आणि प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंवर हे औषध चालते याचा शोध तेथून लागत गेला. येथे औषध लागू पडले, कारण हिरडी ही जिवंत, रक्ताने भरलेली जागा आहे. तरीसुद्धा 'हिरडीला चालते म्हणून दाढेलाही' या न्यायाने तेच औषध अमॉक्सिसिलिनच्या जोडीला प्रत्येक ठणक्यावर देण्याचा प्रघात पडला, तो कोणत्या शास्त्राधारे हे मला उमगलेले नाही.

मग दाताच्या विकारात प्रतिजैविक लागते तरी केव्हा? मज्जा मेल्यानंतरचा अध्याय येथे वाचला पाहिजे. ठणका थांबला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या दातात जंतूंना आता निर्वेध वसतिस्थान मिळालेले असते. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात शिरतात, आणि आठवड्याने, महिन्याने, कधी वर्षानेही तेथे पू धरतो. पू झाला की तो काढून देणे हाच उपाय, मग तो मुळाच्या नलिका उघडून व साफ करून, ज्याला सर्वजण रूट कॅनाल म्हणतात, किंवा हिरडीवर छेद देऊन, किंवा दाढच काढून. बहुसंख्य रोग्यांस एवढे पुरते. परंतु ताप चढला, गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, जबडा उघडेनासा झाला, गिळताना त्रास होऊ लागला, तर रोग दाताची हद्द ओलांडून शरीरात शिरला असे समजावे. तेथे प्रतिजैविक हवेच, आणि तेही पू काढण्याच्या जोडीला. श्टुटगार्टच्या लुडविग या वैद्याने 1836 साली वर्णिलेला, आजही त्याच्या नावाने ओळखला जाणारा विकार यातला सर्वांत भयंकर: बहुधा खालच्या दाढेपासून निघालेला संसर्ग जिभेखाली दोन्ही बाजूंस पसरतो, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा घट्ट होतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. प्रतिजैविकांपूर्वी या रोगाने गाठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. असा रोगी दिसला तर औषधांच्या दुकानाकडे नव्हे, मोठ्या रुग्णालयाकडे धावावे, आणि तेही रात्र उलटण्याची वाट न पाहता.

निष्कारण घेतलेली कॅप्सूल निरुपद्रवी असती, तर हा एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. ती दाढेत पोहोचत नाही, पण उरलेल्या सर्व शरीरात पोहोचते. आतड्यांतील असंख्य उपकारक जंतू तिच्या तडाख्यात सापडतात आणि अतिसार लागतो. क्वचित पेनिसिलिनचे वावडे असलेल्या माणसाला काही मिनिटांत प्राणघातक झटका येतो. आणि जे जंतू तगतात ते आपले प्रतिकाराचे गुण शेजारच्या, जातीने वेगळ्या अशा जंतूंनाही देऊन टाकतात. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज तीन वर्षांनी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दाढेच्या कॅप्सुलींचा हिस्सा किती हे वेगळे काढता येणार नाही. पण पुढे कधी फुप्फुसाच्या वा मूत्रमार्गाच्या विकारात ते औषध लागू पडले नाही, तर त्याचा हिशेब कोणत्या रात्रीपासून मांडावा, हे रोग्याला कळत नाही.

दोष दुकानदाराच्या एकट्याच्या माथी मारणेही बरोबर नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकीही पुष्कळांना, रोगी रिकाम्या हाताने परत गेला तर दुसरीकडे जाईल ही धास्ती असते. आणि रूट कॅनाल व त्यावरच्या टोपीचा खर्च ऐकून ज्याचे तोंड कोरडे पडते, त्याला पन्नास-साठ रुपयांची पट्टी आकर्षक वाटावी यात नवल नाही. तालुक्याच्या गावी दंतवैद्य आठवड्यातून ठरावीक वारीच येत असेल, तर मधल्या दिवसांची काय तजवीज? 2020 च्या टाळेबंदीत इंग्लंडमधील दंतचिकित्सालये बंद पडली तेव्हा तेथील दंतवैद्यांनी लिहिलेल्या प्रतिजैविकांचे प्रमाण चांगलेच वाढले, यावरून हे दिसून येते की, हाताने करायचे काम जेथे अडते तेथे गोळी त्याच्या जागी येऊन बसते, मग देश श्रीमंत असो की गरीब.

त्या मधल्या दिवसांसाठी खरी उपयोगी औषधे अगदी साधी आहेत. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि त्यासोबत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, पोटात अन्न असताना घेतल्यास, प्रौढ माणसाच्या दाढदुखीवर चांगली चालतात, कारण आयबुप्रोफेन दाहच कमी करते. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा डेंग्यूचा संशय असल्यास आयबुप्रोफेन टाळून केवळ पॅरासिटामॉलवर भागवावे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल मज्जातंतूंना घटकाभर बधिर करते, म्हणून खड्ड्यात त्याचा बोळा ठेवण्यास हरकत नाही. पण अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची चाल वाईट, तिने हिरडी भाजते, आणि मिश्री लावून दाढ 'मारण्याची' चाल त्याहून वाईट. दंतवैद्यापाशी गेल्यावर त्याने प्रतिजैविक लिहून दिलेच, तर ते कशासाठी, असे त्याला विचारण्यात उद्धटपणा काही नाही. कृत्रिम झडप बसविलेल्या हृदयाच्या रोग्याला दाढ काढण्याच्या तासभर आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतात त्याला सबळ कारण आहे, आणि ते कारण तो सांगेल. सूज-तापासाठी औषध सुरू केले असेल, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवावे. पूर्वी सर्रास सांगितला जाणारा सात-दहा दिवसांचा ठरीव कोर्सही आता अटळ मानला जात नाही: पू निघाला, ताप आणि सूज उतरली, की त्यानंतर साधारण एक दिवसाने वैद्याच्या सल्ल्याने औषध बंद करता येते, असे त्याच अमेरिकन तत्त्वांत म्हटले आहे, आणि उरलेल्या कॅप्सूल कपाटात पुढच्या ठणक्यासाठी जपून ठेवू नयेत.